निष्क्रिय जोडणी तोडणेबाबत

१

विषय : चाचणी-कक्षातील संगणकांच्या सर्व्हरशी होणाऱ्या जोडण्या मर्यादेत ठेवणे व निष्क्रिय जोडण्या तोडणेबाबत.

संदर्भ : मा. संचालकांनी जिन्यात दिलेली तोंडी सूचना.

उपरोक्त विषयावरचं टिपण बापूसाहेबांनी स्वतः लिहिलं, स्वतः टाइप केलं, स्वतःच त्यावर आवक क्रमांक घातला आणि स्वतःच्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं. लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये असल्या कागदाची कुणालाही गरज नव्हती. तिथली सगळी कामं 'काका, जरा बघा ना' एवढ्या आदेशावर चालत. पण ज्याची उभी हयात जिल्हाधिकारी कार्यालयात गेली, त्याला विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय पाणीसुद्धा चोरून प्यायल्यासारखं वाटतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पुनर्वसन शाखेत पहिल्यांदा संगणक आले, तेव्हा साहेबलोक त्यांना भीत होते आणि शिपाई त्यांना पुसायलाही तयार नव्हते. बापूसाहेबांना वाचनाची खोड. ग्रंथालयातल्या कादंबऱ्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी संगणकाचं इंग्रजी मॅन्युअल वाचलं. नायिका नसली तरी पुस्तक बरं होतं. एवढ्या एका गुन्ह्यावरून ते निवृत्त होईपर्यंत कार्यालयाचे संगणकतज्ज्ञ ठरले आणि निवृत्तीनंतर यज्ञेश सरांच्या क्लासचे.

ती लातूरची भरभराटीची वर्षं. चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो इतके मोठे लागत की खऱ्या डॉक्टरांना पाटी लावायला जागा उरली नव्हती. यज्ञेश सरांनी तिसऱ्या मजल्यावर संगणकांची लॅब केली. पोरांनी यायचं, बसायचं, सराव-परीक्षा द्यायच्या. सगळे प्रश्न आणि सगळे गुण शेजारच्या खोलीतल्या एका सर्व्हरमध्ये. क्लासमध्ये एसी दोघांनाच होता, संचालकांना आणि सर्व्हरला.

अडचण एवढीच, की लॅबमध्ये संगणक साठ आणि सर्व्हरचं लायसन्स पन्नास जणांचं. एका वेळी पन्नासच कनेक्शनं. एकावन्नावा आला की त्याच्या पडद्यावर 'जागा नाही'. बापूसाहेब त्या गाडीचे कंडक्टर. त्यांच्या पडद्यावर ओळींमागून ओळी दिसत: कोणतं यंत्र, कोण विद्यार्थी, आणि किती वेळ गप्प आहे. फार वेळ गप्प असलेली ओळ निवडायची, एक बटण दाबायचं, ओळ नाहीशी. निकाली. नोकरीत एक प्रकरण निकाली काढायला महिने लागायचे; इथे चहा निवायच्या आत पाच निघत. उतारवयात माणसाला एवढं सुख पुरतं.

२

पुनम ही बापूसाहेबांच्या घरची भाडेकरू. ज्याच्या घरी एक खोली जादा, त्याने पोरं ठेवायची, असा तेव्हा लातूरचा रिवाजच होता. त्यांची मुलगी देविका लग्न होऊन पुण्याला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी निलंग्याकडच्या एका पुनर्वसित गावातली ही मुलगी ठेवून घेतली. बारीक चणीची, मान खाली घालून जेवणारी. पण बापूसाहेब काही खवचट बोलले की मान खाली ठेवूनच हसायची. देविका गेल्यापासून त्यांच्या विनोदांना त्या घरात हसणारं कुणी नव्हतं.

पुनमचं एकच विचित्र होतं. ती खोलीच्या दाराला कडी लावत नसे.

"अगं, मांजर शिरतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"शिरू द्या काकू. उंदरं तरी जातील."

"आणि चोर शिरला म्हणजे?"

"माझी रसायनशास्त्राची वही नेली तर बरंच हाय की."

प्रमोदिनीबाईंना कडीचं कारण लगेच समजलं. भूकंपानंतर सगळं लातूर कितीतरी दिवस अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपलं होतं. घरात परतल्यावरही पहिल्या हिवाळ्यात कुणी आतून कडी लावली नव्हती. शहरातल्यांची ती सवय पुढे मोडली. पुनमच्या गावाची मोडली नव्हती.

लॅबमध्येही तिचं तेच. काम झालं तरी लॉगआउट करायची नाही. खुर्चीवरून उठून निघून जायची, कनेक्शन तसंच.

"पुनम, तुझ्यामुळे दुसऱ्याला जागा मिळत नाही."

"हाव काका."

"हाव म्हणतेस आणि करत नाहीस."

"ते बटण दाबलं की दार लागल्यावानी वाटतं."

"मग लागू दे. दारं लागण्यासाठीच असतात."

"आमच्याकडं न्हाई," ती म्हणाली. आमच्याकडं नळाला पाणी न्हाई, हे सांगावं इतक्या सहज.

बापूसाहेबांनी टिपणात लिहिलं, 'विद्यार्थिनीस समज दिली.' आणि तिची ओळ तोडायची सोडून दिली. नियमाला अपवाद करण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. त्यांना ते बरंही वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

३

लोडशेडिंगचे दिवस. भर दुपारी वीज जायची. लॅबमधले पंखे हळूहळू थांबत, पोरं हुर्यो करून खाली वडापावच्या गाडीकडे पळत. सर्व्हर तेवढा इन्व्हर्टरवर चालू राहायचा. समोरची यंत्रं मेली की पडद्यावरच्या ओळीही एकेक करून विझत. गर्दी ओसरलेल्या बसस्टँडसारखा तो रिकामा पडदा बघत बापूसाहेब डबा खात.

त्या दुपारी डबा खाताना त्यांच्या लक्षात आलं, की पडदा रिकामा नाही.

एक ओळ उरली होती. यंत्राचा रकाना कोरा. विद्यार्थ्याचा रकाना कोरा. आणि तिसऱ्या रकान्यात, किती वेळ गप्प आहे तिथे, शून्य.

म्हणजे कुणीतरी आत्ता, या क्षणी, काहीतरी केलं होतं. कशावर? लॅबमध्ये वीज नव्हती.

बापूसाहेबांनी आधी घास गिळला. मग त्यांनी नांदेडला सिद्धरामला फोन लावला. सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीचा हा इंजिनिअर तिथे बसायचा.

"काका, तसं होऊन राहतं," सिद्धराम म्हणाला. मागे कुणाशी तरी तो भांडतही होता. "समोरचा निरोप न घेता गेला ना, तर कधीकधी सर्व्हरला कळत न्हाई. त्याला वाटतं, आहे अजून. तो वाट बघत बसतो."

"किती वेळ?"

"तुम्ही तोडेपर्यंत."

"पण वेळ शून्य दाखवतोय, सिद्धराम. शून्याच्या वर जातच नाही."

"मग घड्याळ अडकलं असंल. तोडून टाका की. तुम्ही तर एक्स्पर्ट तोडणारे!"

समाधान झालं. बापूसाहेबांना कारण मिळालं की ते पटवून घेता यायचं. सरकारी नोकरीने दिलेला तो एक गुण. हात धुवायला ते लॅबमधून गेले. अंधारलेल्या खोलीत शेवटच्या रांगेत पुनम एकटीच बसली होती, मेलेल्या पडद्यासमोर, हात मांडीवर ठेवून.

"खाली गेली नाहीस?"

"लाईट येईपत्तोर बसते, काका."

ते परत आले. ओळ तशीच होती. दाबायला बोट उचललं, आणि का कोण जाणे, दाबलं नाही. पन्नासपैकी एकच तर जागा अडली होती. कुणी रांगेत नव्हतं.

४

मग ती ओळ त्यांना दिसायलाच लागली. एखादा शब्द नव्याने शिकला की तो रोजच्या पेपरात सापडावा, तशी.

पुनम आली की थोड्या वेळाने ती यायची. पुनमने काही केलं नाही, नुसती विचार करत बसली, की दोघींचा गप्पपणा बरोबरीने वाढायचा. पुनमने माउस हलवला की दोन्हीकडे शून्य. बापूसाहेबांनी स्वतःला चार कारणं दिली. दुहेरी नोंद. जुनी तार. सदोष लायसन्स. चौथं कारण होतं स्वतःचं वय, ते त्यांनी टिपणात घातलं नाही.

एवढं खरं, की ती कोरी ओळ काही मागत नव्हती. बाकी पोरं प्रश्न मागत, गुण मागत, मागची उत्तरं मागत. हिला काही नको होतं. ती नुसती जोडलेली होती. 'निष्क्रिय' या शब्दाची इतकी चोख व्याख्या बापूसाहेबांनी कोणत्याही शासननिर्णयात वाचली नव्हती.

पुनमचे गुण दर आठवड्याला चढत होते. यज्ञेश सर जिन्यात भेटले की म्हणत, "काका, तुमची भाडेकरू पोस्टरवर जाणार." प्रमोदिनीबाईंनी तर तिच्यासाठी पांढरा कोट शिवायला कापड कुठलं घ्यायचं, हेसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं.

५

पुनमचे आजोबा किशनराव महिन्यातून एकदा भेटायला येत. एसटीतून उतरून, खांद्यावर ज्वारीचं पोतं. आणलेलं सगळं प्रमोदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात उतरवून ते ओसरीवर बसत, खुर्ची दिली तरी जमिनीवरच.

"पोर नीट करून राहिली का, सायेब?"

"आमच्यापेक्षा नीट."

"डाक्टर झाली पायजे बगा. आमच्या नव्या गावात डाक्टर टिकत न्हाई. घरं हाइत, रस्ता हाय, टाकी हाय, पानी तेवढं न्हाई आन् डाक्टर न्हाई. हिला आडवणार न्हाई मी. पर ही जर शिकायची थांबली ना, तर माज्या मागं तिला कोनबी न्हाई."

बापूसाहेबांनी सहज विचारलं, "ती कडी का लावत नाही, किशनराव?"

म्हाताऱ्याने डबा उघडून पान काढलं.

"त्या रातीला मी रानात हुतो. राखणीला. पहाटं गावात आलो तर गाव न्हाईच. माजा पोरगा जाग्यावरच गेल्ता. सून आत जित्ती हुती. सरजाबाई. झरोका उघडा हुता ईतभर, त्यातनं तिनं लेकरू दिलं भाईर. हीच की. वरसाची बी नव्हती." त्यांनी पान पुन्हा डब्यात ठेवलं. "मंग ती दाराकडं गेली. दारावर ढिगारा, चौकट वाकलेली. आतनं कडी लावलेली. मी म्हनलं, सरजे, कडीचा नाद सोड, झरोक्याकडं ये, तोंडाला वारं लागंल. तिला अंदारात आयकू येत नसंल. ती कडी हुडकायची. आवाज यायचा. वर चाचपायची, भित्तीवर चाचपायची, पुन्ना दारावर. दुपारपत्तोर चाललं हुतं ते."

प्रमोदिनीबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

"तवापासनं आमच्यात कोनी लावत न्हाई," किशनराव म्हणाले. "आता त्याला अर्थ काय हाय म्हना. नवी घरं शिमिटाची हाइत."

६

परीक्षेआधीची शेवटची मोठी सराव-चाचणी. यज्ञेश सरांनी पालकांनाही बोलावलं होतं. लॅबच्या काचेबाहेर आया उभ्या, काही जणींच्या हातात तर पोरांसाठी ग्लुकोजचं पाणी.

पन्नास कनेक्शनं केव्हाच भरली. 'जागा नाही', 'जागा नाही'. काचेबाहेरून एक बाई ओरडली, "आमची मनस्विनी काय फुकट आलीय का?" यज्ञेश सर धावत सर्व्हरच्या खोलीत आले आणि बापूसाहेबांच्या खांद्यामागे उभे राहिले.

"काका, तोडा भराभर. ही कोण? नुसतीच बसलीय. तोडा."

ती पुनमची ओळ होती.

"सर, ती विचार करतेय."

"विचार घरी करून यायचा असतो. बाहेर बाया मला फाडून खातील, तोडा!"

बापूसाहेबांनी तोडली. बटण तेच, बोट तेच. मनस्विनी नावाची ओळ लगेच उजळली.

"आणि ही कोरी काय भानगड आहे?"

त्यांनी तीही तोडली. ती गेली आणि परत आली. पुन्हा तोडली, पुन्हा आली. यज्ञेश सरांनी खिशातून मोबाइल काढून थेट सिद्धरामला लावला आणि बापूसाहेबांच्या कानाला धरला. बापूसाहेबांच्या हातात त्या क्षणी दोन मार्ग होते. 'अडकलेलं घड्याळ आहे, राहू दे' असं म्हणता आलं असतं. पण साहेब मागे उभे असताना अर्धवट काम दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते स्पष्ट, मुद्देसूद बोलले: ज्या यंत्राची नोंद नाही, त्याला सर्व्हरने दारातही उभं करू नये, अशी कायमची व्यवस्था करावी.

"शाब्बास काका," सिद्धराम म्हणाला. "कुलूपच घालून टाकतो. उघडायचं झालं तर मग संचालकांचा लेखी अर्ज लागंल बरं का, कंपनीचा रूल हाय."

"योग्यच आहे," बापूसाहेब म्हणाले.

ओळ गेली. परत आली नाही.

काचेतून त्यांना लॅब दिसत होती. सगळी डोकी पडद्यांवर वाकलेली. एकटी पुनम उठून उभी राहिली होती आणि लॅबच्या दाराकडे बघत होती. दार सताड उघडं होतं.

७

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या मुलाने तक्रार आणली, की त्याचं खातं लॉक झालंय. चुकीचा पासवर्ड फार वेळा टाकला की तसं होई. "मी टाकलाच नाही, काका, आईशप्पथ." पुढच्या दिवशी त्याच्या शेजारणीचं. मग तिच्या शेजारच्याचं. बापूसाहेबांनी रांगा आठवून पाहिल्या. भिंतीला लागून, एकापुढे एक यंत्र. एकही सोडलं नव्हतं.

पोरांच्या खोड्या, असं त्यांनी टिपणात लिहिलं. मग एका सकाळी, क्लास भरायच्या आधी, केर काढणारी बाई बाहेर जिन्यात असताना, ते लॅबमध्ये एकटे उभे होते. दुसऱ्या रांगेच्या टोकाच्या संगणकावर पासवर्डची चौकट उघडी होती. तिच्यात एक ठिपका उमटला. थांबला. दुसरा उमटला. की-बोर्डवर कुणी नव्हतं. कळा जागच्या जागी होत्या. पण आवाज येत होता. कळेचा नव्हे. लोखंड लाकडावर हळूच घसरावं, तसा. चौकट भरली, 'चुकीचा पासवर्ड' आलं, पुसलं गेलं. काही क्षण काहीच नाही. मग शेजारच्या पडद्यावर पहिला ठिपका.

 नंतर त्यांनी सिद्धरामला फोन केला नाही. त्याच्याकडे कारण असणार होतं, आणि या खेपेला ते पटलं नसतं.

घरी पुनम पुस्तक उघडं ठेवून बसायची, पान उलटत नसे. ताटातली भाकरी तशीच. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, पोरीला बरं नाही. काहीतरी विचारा तिला. तुमचं ऐकते."

त्यांनी विचारलं. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही बंद केलं का?"

"काय?"

"माझ्यासंगं असायचं ते."

बापूसाहेब सवयीने म्हणाले, "ती जोडणी निष्क्रिय होती, पुनम."

"निष्क्रिय न्हवती. गप होती." तिने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मला उत्तर सुचंना की मी नुसती बसायची. कुणीतरी हाय म्हणून बसता यायचं. आता ती हुडकून राहिली. मला आयकू येतं. सगळीकडं चाचपती, आन् मी कुठं बसलीय ते तिला घावंना."

 बापूसाहेबांनी 'झोप नीट घे' असं म्हटलं.

८

शेवटी त्यांनी ते पाहिलं, तेही दुपारीच. वीज गेली, पोरं खाली गेली, पंखे थांबले. सर्व्हरच्या खोलीत बापूसाहेबांचा डबा उघडा. पडद्यावरच्या ओळी विझत विझत संपल्या. पूर्ण रिकामा पडदा. इतके दिवस हवा होता तसा.

लॅबमधून तो आवाज आला.

ते दारात जाऊन उभे राहिले. आतल्या पडद्यांवर बाहेरच्या उन्हाची चमक तेवढी होती; काळ्या काचांची रांगच्या रांग, प्रत्येकीत उघड्या दाराचा एक पांढरा चौकोन आणि त्यात खुद्द बापूसाहेब, बोटाएवढे. शेवटच्या रांगेत पुनम. तिने दोन्ही तळवे समोरच्या पडद्यावर टेकले होते. ओठ हलत होते. कुणीतरी आंधळ्याला रस्ता सांगावा तसं ती पुटपुटत होती, "हितं. हितं. वर न्हाई. हितं."

पहिल्या रांगेतल्या पहिल्या काचेतला पांढरा चौकोन झाकला गेला, मग मोकळा झाला. दुसऱ्या काचेतला झाकला गेला. बापूसाहेबांनी मागे वळून पाहिलं. दारात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तिसऱ्या काचेत. ते जे काही होतं, ते खोलीत नव्हतं. काचांच्या पलीकडून भिंतीच्या कडेने सरकत होतं, एकेका चौकोनाशी थांबत. पुनमच्या आधीच्या पडद्याशी ते थांबलं, तेव्हा त्यांना बोटं दिसली. चार. नखांत माती भरलेली. काचेच्या आतून, वरच्या कोपऱ्यात, जिथे दाराला कडी असते नेमक्या त्या जागी, ती चाचपत होती. घाईने नाही. खूप वेळ तेच करत असलेल्या माणसाच्या चिकाटीने.

बापूसाहेब धावले. पुनमकडे नाही, सर्व्हरकडे. कुलूप काढायला. एवढ्या वयात इतकं धावल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी मर्यादा वाढवून पाहिली, नियम पुसून पाहिला, बंद करून चालू केलं. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच इंग्रजी वाक्य, नम्र आणि स्वच्छ: हा बदल करण्याचा अधिकार आपणास नाही. ती व्यवस्था त्यांनी स्वतः मागून घेतली होती, आणि चोख झाली होती.

वीज आली. साठ यंत्रं एकदम घुरघुरली, पंखे फिरले. ते लॅबमध्ये परतले तेव्हा सगळे पडदे उजळत होते आणि पुनम हात मांडीवर ठेवून बसली होती.

"थांबली," ती म्हणाली. "दमली असंल."

९

पुनम परीक्षेला बसली नाही. किशनराव येऊन तिला घेऊन गेले. ओसरीवर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, पण जाताना बापूसाहेबांना हात जोडले, आणि ते हात जोडणं बापूसाहेबांना अजून खाली ठेवता आलेलं नाही. नंतर एकदा ते निलंग्याच्या एसटीत बसून त्या गावाला गेले. एकसारखी सिमेंटची घरं, सगळ्यांची दारं नुसती लोटलेली. किशनरावांच्या घराचं तेवढं आतून बंद होतं.

"आता ती लावती कडी," म्हातारा बाहेर बाजेवर बसून म्हणाला. "दिवसाबी. म्हनती, आजा, हितनं आवाज करत बसते, म्हंजी तिला कळंल कुठं यायचं ते." आतून ऐकू येत होतं. लोखंड लाकडावर घसरत होतं, सरकवलं जात होतं, पुन्हा मागे. बापूसाहेबांनी दाराशी जाऊन "पुनम" अशी हाक मारली. आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

परतल्यावर त्यांनी अर्ज लिहिला. नोंद नसलेल्या एका जोडणीस पूर्ववत परवानगी मिळणेबाबत. यज्ञेश सर वाचून हसले, पण बापूसाहेब हटून बसले म्हणून त्यांनी सही केली. अर्ज नांदेडला गेला आणि त्रुटी काढून परत आला: यंत्र क्रमांक व वापरकर्त्याचे नाव नमूद नाही. बापूसाहेबांनी यंत्राच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि नावाच्या रकान्यात 'सरजाबाई' असं लिहून अर्ज फेरसादर केला. दुसऱ्यांदा त्रुटी आली: वापरकर्त्याची स्वाक्षरी किंवा अंगठा आवश्यक. त्यावर त्यांनी सविस्तर खुलासा पाठवला. मधल्या काळात क्लासने जुना सर्व्हर काढून नवा आणला, लायसन्स शंभराचं घेतलं, जोडण्या तोडायला माणूस लागेनासा झाला. जुना सर्व्हर जिन्याखाली ठेवला आहे. बापूसाहेब आठवड्यातून एकदा चौकशीला जातात आणि ऑफिसमधली मुलगी त्यांना बसायला खुर्ची देते.

अर्ज प्रलंबित आहे.